अध्यक्ष जागा पाहायला गेले

नगरपंचायतीच्या सभेची नोटीस काढणं हे माझं काम होतं. तारीख, वेळ, स्थळ, विषय आणि खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. एका अध्यक्षांच्या काळात मात्र मी नोटिशीच्या तळाशी पेनानं आणखी एक ओळ लिहीत असे: "सदस्यांनी पायात बूट घालून यावे."

ती ओळ वाचून एकदा जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. हा काय प्रकार आहे म्हणून. मी सांगितलं, "सर, आमचे अध्यक्ष सभा चालू असतानाच सगळ्यांना घेऊन नाली पाहायला निघतात. मागच्या वेळी एका नगरसेविकेची चप्पल चिखलात राहिली, ती सापडलीच नाही." पलीकडचा माणूस म्हणाला, "असं आहे का? बरं, मग लिहीत जा."

हे अध्यक्ष धंद्यानं टेलर. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांत घर. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं आणि आम्ही ऑफिसातलेही तेच म्हणायचो. आमचं गाव चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शिवेवरचं. एका अंगाला धानाची शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली आणि खुर्च्या नव्या आल्या. गाई-म्हशी बसायच्या तिथंच, रस्त्याच्या मधोमध बसत राहिल्या. सदस्यांत दोन गट होते आणि अध्यक्षपदासाठी एकाचं नाव दुसऱ्याला चालत नव्हतं. ज्याच्यावर कोणाचाच राग नाही असा माणूस शोधता शोधता सगळे मास्टरांपाशी येऊन थांबले. दोन्ही गटांचे शर्ट-पँट तेच शिवत, एवढाच त्यांचा राजकारणाशी संबंध.

पदावर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर दालनातली फिरती खुर्ची बाहेर काढायला लावली. "माणूस समोर बसून बोलून राह्यला, अन् मी भलतीकडं फिरून राह्यलो," ते म्हणाले. "चक्कर येते मले." त्यांनी दुकानातला आपला स्टूल आणला आणि तो दालनात ठेवण्याऐवजी बाहेरच्या व्हरांड्यात ठेवला. दाखल्यासाठी आलेले लोक जिथं रांगेत उभे राहत, तिथंच. अनोळखी लोक त्यांना शिपाई समजून विचारायचे, "अध्यक्ष कवा येतेत?" मास्टर म्हणायचे, "येतीन. तवर मले सांगा का काम हाय ते." कित्येक लोक काम करून घेऊन निघून गेले, आणि आपण कोणाशी बोललो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गळ्यातला मापाचा टेप मात्र त्यांनी कधी काढला नाही. झेंडावंदनालाही तो गळ्यात होता. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, डोळ्यानं खुणावलं तेव्हा मास्टरांनी तो घाईघाईनं खिशात कोंबला, आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत त्याचं एक टोक त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत राहिलं.

सकाळी दुकानात ते कापडाला टाचण्या लावत बसलेले असत तेव्हाही लोक तक्रारी घेऊन यायचे. तोंडात टाचण्या असल्यामुळे मास्टर सगळ्यांना फक्त "हं" म्हणायचे. एकदा अशाच एका "हं" वर एका गल्लीतल्या लोकांनी आपला रस्ता मंजूर झाला असं समजून पेढे वाटले. पेढ्यांचा पुडा घेऊन लोक ऑफिसात आले तेव्हा भानगड उघडी पडली. त्या दिवसापासून चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कोणी माणूस दुकानाची पायरी चढला की आतून ओरडायचा नेमच केला, "अजी, पैले टाचण्या काढा!"

नजर अशी की माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप घेऊन झालेलं असायचं. आमचे साहेब साताऱ्याकडचे. परीक्षा पास होऊन पहिल्यांदाच नोकरीला लागलेले, एकटेच राहायचे. दिवाळीनंतर एके दिवशी भर बैठकीत मास्टर त्यांना म्हणाले, "साहेब, तुमी इथी आले तवापासून कंबर उतरून राह्यली तुमची. जेवता का नाई?" साहेब लाजले. म्हणाले, "मेसचं जेवण सोसत नाही हो." दुसऱ्या दिवसापासून चाचींचा डबा ऑफिसात येऊ लागला. साहेबांनी खूप नको नको केलं. मास्टर म्हणाले, "तुमचा पँट मी वारंवार आल्टर करू का आता?"

सांगायचं आहे ते त्यांच्या मुख्य खोडीबद्दल. एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते ठरावाला हात वर करत नसत. "कागदावर सारंच सरळ दिसते," असं म्हणून ते उठायचे, आणि त्यांच्या मागं सगळ्यांना उठावं लागायचं. नाली असो, बोअर असो की स्मशानातलं शेड असो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. पुढं गळ्यात टेप घातलेले अध्यक्ष, त्यांच्या मागं नगरसेवक, नगरसेविका, त्यांच्या मागं घाम पुसत साहेब, आणि शेवटी कागद छातीशी धरून मी. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील वीज केंद्रात. तिथं सगळं आखल्यासारखं. रस्ते सरळ, बस वेळेवर. नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची अशी माझी समजूत. इथं पहिल्या वर्षात माझ्या सँडलचे पट्टे तुटले ते सगळे मास्टरांच्या पायी.

एका वॉर्डातल्या नवीन लाइटांच्या बिलाला मंजुरी द्यायची होती. सांज पडल्यावर आम्ही सगळे तिकडं गेलो. लाइट छान लागले होते. सगळे परत निघणार तेवढ्यात एक म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाबू, माह्या कोंबड्या झोपून नाई राह्यल्या." त्यांच्या खुराड्यावर थेट उजेड पडत होता. नगरसेवक हसायला लागले. मास्टर खुराड्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग उठून लाइनमनला म्हणाले, "थोडासा वळव बाप्पा तो लाइट. खरंच जाग्या हायेत त्या."

पाहूनही त्यांचं चुकायचं. एका बोअरच्या जागेवर ते उभे राहिले, माती हातात घेऊन चोळली, आणि म्हणाले, "इथी पाणी नाई. लिहून घ्या बाई." मी लिहून घेत होते. खोदत असलेलं मशीन तेवढ्यात ओल्या थरापर्यंत पोचलं आणि चिखलपाण्याचा असा फवारा उडाला की अध्यक्ष, टेप आणि माझा कागद सगळं एकदम न्हालं. मास्टर डोळे पुसत म्हणाले, "खोडून टाका बाई." पुढं कितीतरी दिवस मुलं त्यांना पाहिलं की ओरडायची, "मास्टर, पाणी नाई!" ते हात वर करून सलाम केल्यासारखं करायचे आणि पुढं जायचे.

या सगळ्याचा सर्वांत जास्त वैताग यायचा ट्रॅक्टरवाल्या भाऊंना. भाऊ म्हणजे त्या दोन गटांपैकी एकाचे पुढारी. शेती मोठी, आणि दारात दोन ट्रॅक्टर. आवाज असा की माइक नसला तरी चालायचं. मनानं वाईट नव्हते, पण जिभेला लगाम नव्हता. "आपण मुलगी पाहाले निघालो का मास्टर?" ते विचारायचे. "चहा-पोहे तं सांगा मंग नालीवाल्याले."

त्या हिवाळ्यात कचऱ्याचा विषय आला. गावाचा कचरा तोपर्यंत आठवडी बाजाराच्या मागं पडायचा, तिथून धूर निघायचा आणि शाळेतली मुलं खोकायची. नवीन जागा लवकर ठरवून प्रस्ताव जिल्ह्याला पाठवायचा होता. साहेबांनी नाल्यापलीकडची सरकारी जागा शोधली होती. नकाशात ती रिकामी होती. वस्ती नाही, शेत नाही, कोणाची हरकत नाही. तिच्या पलीकडं जंगल सुरू होत असे, एवढंच. भाऊंच्या गटाला जागा पसंत होती. बाकीच्यांनाही कटकट लवकर मिटायला हवी होती.

मास्टर म्हणाले, "पाहून येऊ."

भाऊ उसळले. "धान कापणीचे दिवस आहेत मास्टर. लोकायले कामं आहेत. नकाशा पाह्यला ना? साहेबानं दाखवला ना? मंग?"

"नकाशात नाला निळा दिसते भाऊ," मास्टर म्हणाले. "आपला नाला कधी निळा पाह्यला का तुमी?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यानं भाऊंचं डोकं आणखी फिरलं. ते उभे राहून म्हणाले, "उद्या स्मशानाचा विषय आला तं मरून पाहसान का?"

मास्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते म्हणाले, "विषय पुढच्या सभेत घ्या बाई." मी तसं लिहिलं. भाऊंचं वाक्य लिहिलं नाही.

पुढची सभा सकाळी अकराला होती. मास्टर नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन व्हरांड्यात बसलेले असत. त्या दिवशी स्टूल रिकामा होता. अकरा वाजले. सगळे सदस्य आले. साडेअकरा झाले. साहेबांनी फोन लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. मी दुकानावर शिपाई पाठवणार होते, तेवढ्यात चाचीच ऑफिसच्या दारात आल्या. डोक्यावरचा पदर सरकलेला, हातात फोन. चाची ब्रह्मपुरीकडच्या, घरात त्या आणि मास्टर अर्धं हिंदी, अर्धं इकडच्या झाडीबोलीत बोलायचे.

"बाई, मास्टर आले का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही चाची. घरी नाहीत?"

"पहाटे फजरची नमाज पढले अन् सायकल घेऊन गेले. मीटिंगच्या आधी जागा पाहून येतो म्हणे. नाल्यापल्याड. मी म्हटलं, अकेले मत जाओ. तं म्हणे, लोकायच्या कापणीचे दिवस हायेत, कोणाले कशाला तरास देऊ."

त्या बाजूला मागच्याच पंधरवड्यात वाघानं एक गाय मारली होती. आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सरपणाला गेलेली बाई, मोहफुलं वेचायला गेलेला म्हातारा, प्रत्येक गावात वाघानं माणूस नेलेलं एखादं घर असतंच. मी चाचींना खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या आणि पुन्हा फोन लावायला लागल्या. रिंग जायची, बंद व्हायची. त्या पुन्हा लावायच्या.

साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे उपाध्यक्ष सभा चालवू शकतात. पण..." ठरवलं असतं तर त्या दिवशी भाऊंच्या गटाला ती जागा पाच मिनिटांत मंजूर करून घेता आली असती. मी भाऊंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी समोरचे कागद उलटे करून ठेवले आणि म्हणाले, "राहू द्या जी ते विषय. ट्रॅक्टर काढतो मी."

आम्ही निघालो तो ताफा मी विसरणार नाही. पुढं भाऊंचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत सगळे नगरसेवक आणि नगरसेविका उभ्या. मागं साहेबांची जीप, तिच्यात मी आणि वाटेत नाक्यावर घेतलेली जंगल खात्याची गार्ड, पंचविशीतली मुलगी, हातात लांब काठी. आणि सगळ्यांत मागं गावाची घंटागाडी. ती कोणी बोलावली नव्हती. सफाईच्या बायकांची मुकादम शेवंताबाई ऑफिससमोर झाडत होती. तिनं काय झालं ते ऐकलं, झाडू गाडीत टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चाल. भोंगा आहे आपल्यापाशी. आवाजानं वाघ सरकते."

चाचींना आम्ही घरी थांबायला सांगितलं. त्या फोन लावत राहिल्या.

नाल्याच्या अलीकडं धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, कापून झालेली होती, पेंढ्या पडल्या होत्या. धुऱ्यावर, त्या बांधावरच, मास्टरांची सायकल आडवी पडली होती. हँडलला डब्याची पिशवी तशीच. भाऊ ट्रॅक्टरवरून उतरायला लागले तशी गार्ड ओरडली, "कोणीही खाली उतरू नका!" ती स्वतः काठी घेऊन थोडं पुढं गेली, वाकली, नाल्याच्या ओल्या रेतीत बघत राहिली. परत आली ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मादी आहे. संगं पिल्लं आहेत. सकाळचेच पाय आहेत."

भाऊ ट्रॅक्टरच्या सीटवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून डोकं त्यावर टेकवलं. "माह्या तोंडात किडे पडो," ते म्हणाले. "काय बोललो मी त्या माणसाले." साहेब जीपमधून उतरून ट्रॅक्टरपाशी गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. एरवी या दोघांत एकमेकांना नमस्कारही धड होत नसे.

शेवंताबाईनं भोंगा सुरू केला. सकाळी कचरा गोळा करताना वाजतं तेच स्वच्छतेचं गाणं, ओला कचरा वेगळा ठेवा, सुका कचरा वेगळा ठेवा. जंगलाच्या तोंडाशी ते इतकं मोठ्यानं वाजायला लागलं की झाडांवरचे बगळे उडाले. भाऊंनीही ट्रॅक्टरला रेस दिली. तो सगळा गोंगाट घेऊन आम्ही नाल्याच्या काठानं हळूहळू सरकू लागलो. गार्ड ट्रॉलीत उभी राहून चौफेर बघत होती. एक नगरसेविका हात जोडून पुटपुटत होती. मी कशाकडं बघत होते ते मला आठवत नाही. सभेचे कागद छातीशी धरलेले होते, तेवढं आठवतं.

असा किती वेळ गेला कोणास ठाऊक. ड्रायव्हरनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला म्हणून बटण दाबलं, आणि त्या मधल्या क्षणभराच्या शांततेत कुठूनतरी घोगरा, चिरका आवाज आला.

"अरे, ते गाणं बंद करा रे आधी!"

नाल्याच्या अलीकडच्याच एका शेतात रानडुकरांपासून राखणीसाठी बांधलेलं मचान होतं. त्याच्यावरून एक हात हलत होता.

ट्रॉलीतल्या बायका रडायला लागल्या आणि हसायलाही लागल्या. साहेब जीपच्या बॉनेटवर बसले. भाऊंनी ट्रॅक्टर बांधीतूनच घातला, धुरे तोडत, मचानाखाली नेऊन उभा केला. मास्टर वर पेंढ्यावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते, गळ्यात टेप. मचानाची शिडी अर्ध्यातून मोडून खाली पडली होती.

"किती वेळ झाला ओरडून राह्यलो," ते वरून म्हणाले. "तुमच्या सुक्या कचऱ्यापुढं माहं कोण ऐकते?"

"उतरा पैले!" भाऊ गरजले.

"कसा उतरू? शिडी तुटली."

भाऊ ट्रॅक्टरच्या चाकावर चढले आणि मचानाच्या लाकडी बल्लीला पाठ लावून उभे राहिले. "माह्या खांद्यावर पाय ठेवा." मास्टरांनी बुटासकट पाय खाली सोडले. दोन्ही खांद्यांवर चिखल उमटला. खाली उतरल्यावर भाऊंनी मास्टरांना दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या त्या आवाजात शिव्या घालायला सुरुवात केली. "अक्कल हाय का तुमाले? म्हातारा माणूस, एकटा येते का इथी? मले सांगता येत नव्हतं? दोन दोन ट्रॅक्टर हायेत ना माह्याकडं!" शिव्या देता देता त्यांचा आवाज फाटला. ते मास्टरांना सोडत नव्हते. मास्टर त्यांच्या पाठीवर थोपटत होते, लहान मुलाला थोपटावं तसे.

ट्रॉलीत बसल्यावर, पाणी प्यायल्यावर मास्टर सांगू लागले. ते नाल्यापर्यंत पोचले तेव्हा उजाडलं होतं. समोरच्या झुडपांत, आमच्या कचऱ्यासाठी ठरलेल्या नेमक्या त्या जागेत, त्यांना वाघीण दिसली. तिच्या अंगावर दोन पिल्लं लोळत होती. मास्टर मागच्या मागं सरकत मचानापर्यंत आले आणि कसेबसे चढले. चढताना खिशातला फोन खाली पडला आणि शेवटच्या पायरीला शिडी मोडली. वाघीण नाला ओलांडून आली आणि मचानापासून थोड्या अंतरावर बसली.

"अन् फोन वाजला," मास्टर म्हणाले. "वाघीण दचकली. एक डाव फोनकडं पाहे, एक डाव माह्याकडं. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. तुमचा भोंगा आला तवा कुठी पिल्लं घेऊन आत गेली."

सगळे हसत होते. शेवंताबाई हसत नव्हती. ती घंटागाडीला टेकून त्या झुडपांकडं बघत उभी होती. मग ट्रॉलीजवळ येऊन म्हणाली, "मास्टर, ही जागा पास झाली असती तं रोज सकाळी अंधारात कोण आलं असतं इथी कचरा घेऊन? मी अन् माह्या पोरी." त्यानंतर कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी प्रस्ताव मागे घेतो," ते म्हणाले. "मीच घेतो. तसं लिहा, मॅडम."

त्या जागेचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. कचऱ्यासाठी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची, बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा ठरली. ती पाहायला भाऊ स्वतः सगळ्यांना ट्रॉलीत घालून घेऊन गेले, आणि बांध, विहीर, वाऱ्याची दिशा, सगळं मास्टरांपेक्षा जास्त वेळ लावून पाहिलं. बाजारामागचा धूर थांबला. मास्टरांची मुदत संपली तेव्हा ते स्टूल उचलून दुकानात घेऊन गेले. साहेबांची बदली झाली, नंतर माझीही. हल्ली मी मोठ्या नगर परिषदेत आहे. इथं सभेतले सगळे विषय अर्ध्या तासात मंजूर होतात.

पण त्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो ते आधी ऑफिसात गेलो नाही. भाऊंनी ट्रॅक्टर सरळ बसस्टँडमागच्या गल्लीत घातला. दुकानासमोर मोहल्ल्यातल्या बायका जमल्या होत्या आणि मधोमध, दुकानाच्या पायरीवर, चाची बसल्या होत्या. मास्टर ट्रॉलीत उभे आहेत हे त्यांनी पाहिलं. त्या उठल्या नाहीत. मास्टर उतरून त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मघाशी ट्रॉलीत नकला करून वाघीण दाखवणारा हा माणूस, इथं मात्र गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत बसला.

चाची म्हणाल्या, "फोन काऊन नाई उचलला?"

"खाली पडला होता," मास्टर म्हणाले. मग अगदी हळू, "बहुत डर लगा."

"हं," चाची म्हणाल्या.

"उचलता येत नव्हता. पण वाजत होता ना. मले माहीत, तूच हायेस. वाजे तवर वाटे, कोणी तरी विचारून राह्यलं मले. मंग बंद होये, तं मी म्हणो, आता पुन्हा लावन."

"लावला ना?"

"हो," मास्टर म्हणाले. "दर डाव लावला तू."

चाचींनी पदरानं त्यांच्या केसांत अडकलेला पेंढा काढायला सुरुवात केली. एक एक काडी, सावकाश. भाऊंनी ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं. आम्ही सगळे, अख्खी नगरपंचायत, गल्लीत उभे होतो, आणि सभेला उशीर झाला आहे असं कोणीही म्हटलं नाही.